लिथियममध्ये पैसे गुंतवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक गाड्या वाढणार, म्हणून बॅटऱ्या वाढणार, म्हणून लिथियमची मागणी वाढणार, म्हणून लिथियम कंपन्यांचे शेअर घ्यावेत, असा सरळ हिशेब बहुतेकांच्या मनात असतो. यातली पहिली तीन विधानं बरोबर आहेत. चौथं त्यांतून आपोआप निघत नाही, आणि पैसे लागलेले असतात ते नेमके त्या चौथ्यावर. म्हणून सुरुवात सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नापासून करू.

गाड्यांची विक्री दरवर्षी वाढतेय, तरी लिथियमचा भाव कोसळला कसा?

आधी आकडे पाहा. 2022 मध्ये जगभरात सुमारे 1 कोटी इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या. 2023 मध्ये जवळपास 1 कोटी 40 लाख, आणि 2024 मध्ये 1 कोटी 70 लाखांहून जास्त. म्हणजे मागणी एकदाही खाली आली नाही. याच काळात चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा (बॅटरीसाठीचं लिथियम बहुतेक या रूपात विकलं जातं) भाव नोव्हेंबर 2022 च्या टनाला जवळपास 6 लाख युआनवरून 2025 च्या मध्यापर्यंत 60 हजार युआनच्या आसपास आला. दहापट घसरण, आणि तीही वाढत्या मागणीत.

कारण पुरवठा मागणीपेक्षा वेगाने वाढला. 2020 मध्ये भाव टनाला 40 हजार युआनच्या आसपास होता, तेव्हा नव्या खाणीत पैसे घालायला कुणी तयार नव्हतं. पुढे गाड्या अचानक खपू लागल्या, माल कमी पडला आणि दोन वर्षांत भाव पंधरापट झाला. त्या भावात कसलीही खाण फायद्याची दिसते. ऑस्ट्रेलियातल्या बंद पडलेल्या खाणी उघडल्या, आफ्रिकेत चिनी कंपन्यांनी झपाट्याने खाणी उभ्या केल्या, चीनच्या जिआंगशी प्रांतात लेपिडोलाइट नावाच्या हलक्या प्रतीच्या खनिजातूनही मोठ्या प्रमाणावर लिथियम निघू लागलं. हा सगळा माल 2023 आणि 2024 मध्ये एकदम बाजारात आला. वर, तेजीत बॅटरी कारखान्यांनी घाबरून जे साठे करून ठेवले होते, ते त्यांनी आधी वापरायला काढले आणि नवी खरेदी थांबवली. शेतकऱ्यांना हे चक्र नव्याने सांगायला नको: भाव चढला की सगळे तेच पीक लावतात, आणि काढणीला भाव पडतो. फरक इतकाच की पीक काही महिन्यांत हाती येतं, खाणीला वर्षं लागतात, त्यामुळे तेजीही लांबते आणि मंदीही.

तेव्हा "मागणी वाढेल का?" हा प्रश्न विचारून गुंतवणूकदाराच्या हाती फारसं काही लागत नाही. त्याचं उत्तर सगळ्यांनाच माहीत आहे आणि ते शेअरच्या किमतीत आधीच धरलेलं असतं. विचारायचं ते हे, की मागणी ज्या वेगाने वाढेल असं लोक धरून चालले आहेत, त्याच्या तुलनेत माल कमी येईल की जास्त, आणि वाईट काळात कोणती कंपनी तग धरेल.

हे पहिल्यांदाच घडलं का?

नाही. 2015 ते 2018 या काळात अशीच तेजी आली होती आणि पुढची दोन वर्षं तितकीच खडतर गेली. त्या फेरीतल्या दोन कंपन्यांची गोष्ट नीट वाचण्यासारखी आहे, कारण लिथियममध्ये पैसे कसे जातात हे त्यातून फार स्पष्ट दिसतं.

ऑल्टुरा मायनिंग या कंपनीची खाण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलगंगूरा इथे, पिलबारा मिनरल्सच्या खाणीला लागून होती. साठा चांगला, खनिज चांगलं, माल प्रत्यक्षात निघत होता. पण डोक्यावर कर्ज होतं. ऑक्टोबर 2020 मध्ये भाव तळाशी असताना सावकारांनी कंपनी ताब्यात घेतली आणि भागधारकांच्या हाती काही राहिलं नाही. शेजारच्या पिलबाराने ती खाण जानेवारी 2021 मध्ये सुमारे 17.5 कोटी डॉलरना घेतली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याच भागातून निघणाऱ्या खनिजाला टनाला 8 हजार डॉलरच्या जवळ भाव मिळाला. ऑल्टुराच्या भागधारकांचा लिथियमबद्दलचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, आणि तरी त्यांचे पैसे गेले.

दुसरी कंपनी चीनची तिआनची. तिने 2018 मध्ये चिलीच्या एसक्यूएम कंपनीतला सुमारे 24 टक्के हिस्सा जवळपास 4.1 अब्ज डॉलरना घेतला, त्यातले साडेतीन अब्ज कर्जाऊ. लगेच भाव घसरला आणि हप्ते फेडणं जड गेलं. शेवटी जगातल्या सर्वोत्तम कठीण खडकाच्या खाणीतला, म्हणजे ग्रीनबुशेसमधला, आपल्या वाट्यातला मोठा हिस्सा तिला ऑस्ट्रेलियाच्या आयजीओ कंपनीला 1.4 अब्ज डॉलरना द्यावा लागला. हा व्यवहार 2020 च्या अखेरीस ठरला. त्याच सुमारास भाव पुन्हा वर निघाला.

दोन्ही ठिकाणी धातू चांगला होता, खाण चांगली होती. कर्जाची मुदत आणि भावाचं चक्र यांची गाठ चुकीच्या वेळी पडली. लिथियमची कंपनी निवडताना मी ताळेबंद सगळ्यात आधी उघडतो तो यामुळेच.

लिथियम येतं कुठून? गुंतवणूकदाराला ते माहीत असण्याची काय गरज?

गरज मोठी आहे, कारण उत्पादनाचा खर्च स्रोतावर ठरतो आणि मंदीत कोण टिकणार हे खर्चावर.

पहिला स्रोत खारं पाणी. चिलीतल्या अटाकामा क्षारपटाखाली लिथियमयुक्त खारं पाणी आहे. ते पंपाने वर काढून प्रचंड उथळ तलावांत उन्हात आटवतात. याला वर्ष-दीड वर्ष लागतं, पण इंधनाचं काम सूर्य करतो, त्यामुळे अटाकामातलं उत्पादन जगातल्या सर्वांत स्वस्त उत्पादनांत मोडतं. तिथे एसक्यूएम आणि अमेरिकेची अल्बेमार्ल या दोनच मोठ्या कंपन्या काम करत आल्या आहेत. अर्जेंटिनात ओलारोस, ओम्ब्रे मुएर्तो अशी क्षारपटं आहेत.

दुसरा स्रोत कठीण खडक, मुख्यतः स्पॉड्युमीन हे खनिज असलेला. इथे पश्चिम ऑस्ट्रेलियाचा हात कुणी धरू शकत नाही. खडक फोडून, दळून सुमारे 6 टक्के लिथियम ऑक्साइड असलेलं कॉन्संट्रेट बनवतात आणि ते बहुतांश चीनला जातं. तिथल्या रासायनिक कारखान्यांत त्याचं कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड होतं. एक टन कार्बोनेटला साधारण आठ टन कॉन्संट्रेट लागतं. ग्रीनबुशेसमधलं खनिज इतकं समृद्ध आहे की मंदीतही ती खाण फायद्यात चालते. ती तिआनची आणि आयजीओची संयुक्त कंपनी व अल्बेमार्ल यांच्या मालकीची आहे, म्हणजे बाजारात "ग्रीनबुशेस" नावाचा शेअर मिळत नाही. त्या खाणीत वाटा हवा तर या तिघांपैकी एकाचा शेअर घ्यावा लागतो, आणि त्यासोबत त्या कंपनीची बाकीची दुखणीही येतात.

तिसरा स्रोत चीनमधलं लेपिडोलाइट. यात लिथियम कमी, रसायनं जास्त, टाकाऊ माल भरपूर. म्हणून खर्चाच्या उतरंडीत याची जागा वर असते: भाव पडला की हे आधी तोट्यात जातं. मातीतून लिथियम काढण्याचे प्रकल्पही आहेत, अमेरिकेच्या नेवाडा राज्यातला थॅकर पास हा त्यातला सगळ्यात गाजलेला, पण व्यापारी प्रमाणावर ही पद्धत अजून सिद्ध व्हायची आहे.

2024 मध्ये जगात सुमारे 2 लाख 40 हजार टन लिथियम निघालं. त्यात ऑस्ट्रेलिया पहिला, चिली दुसरा, चीन तिसरा. शुद्धीकरणात मात्र चीनचा वाटा दोन तृतीयांशांच्या आसपास आहे.

सोन्यासारखं लिथियम विकत घेऊन ठेवता येतं का?

नाही. शुद्ध लिथियम धातू पाण्याशी जोरात अभिक्रिया करतो, तेलात बुडवून ठेवावा लागतो. हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून खराब होतं, आणि बॅटरीच्या प्रतीचं राहत नाही. कुणी "लिथियमच्या विटा" विकत असेल तर लांब राहा.

वायदे बाजारातून घ्यावं का?

चीनमधल्या ग्वांगझौ वायदे बाजारात जुलै 2023 पासून लिथियम कार्बोनेटचे सौदे होतात आणि तिथली उलाढाल मोठी आहे. शिकागो आणि लंडन इथेही लिथियमचे करार आहेत. हे सौदे कारखाने आणि खाणींना भावाचा धोका झाकण्यासाठी उपयोगी पडतात. दीर्घ मुदतीच्या सामान्य गुंतवणूकदाराने उसनवारीवर चालणाऱ्या इतक्या हेलकावत्या बाजारात उतरू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथला भाव रोज पाहावा मात्र जरूर.

बातम्यांत वेगवेगळे भाव दिसतात. खरा कोणता?

सगळेच खरे, फक्त ते वेगवेगळ्या वस्तूंचे असतात. कार्बोनेट वेगळं, हायड्रॉक्साइड वेगळं, खडकाचं कॉन्संट्रेट वेगळं. चीनमधल्या भावात तिथला व्हॅट धरलेला असतो, बाहेरच्या भावात नसतो. शिवाय रोजचा हजर भाव आणि दीर्घ कराराचा भाव यांत मोठी तफावत पडू शकते.

तुलना करता यावी म्हणून सगळं एका मापात आणतात. ते माप म्हणजे लिथियम कार्बोनेट समतुल्य, बाजाराच्या भाषेत एलसीई. एक किलो शुद्ध लिथियम म्हणजे सुमारे 5.3 किलो एलसीई. हे लक्षात न ठेवल्यामुळे लोक एका कंपनीचे लिथियमचे टन दुसऱ्या कंपनीच्या एलसीईच्या टनांशी ताडून पाहतात आणि निष्कर्ष पाचपट चुकतो. आणखी एक हिशेब हाताशी ठेवा. 60 किलोवॅट-तासांची कारची बॅटरी घेतली तर तिला ढोबळमानाने 40 किलो एलसीई लागतं. टनाला 6 लाख युआन भाव असताना त्या एका बॅटरीत 24 हजार युआनचं लिथियम होतं. 60 हजारांवर ते 2,400 युआनवर आलं. तेजीत गाडी बनवणारे लिथियमशिवायच्या बॅटरीचा विचार का करू लागतात आणि मंदीत तो बाजूला का पडतो, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

गुंतवणुकीचे मार्ग कोणते?

मोठ्या, प्रस्थापित उत्पादक कंपन्या हा पहिला मार्ग: अल्बेमार्ल, एसक्यूएम, चीनच्या गानफेंग आणि तिआनची, ऑस्ट्रेलियाची पिलबारा, जिचं नाव आता पीएलएस झालं आहे. यांच्याकडे प्रत्यक्ष माल निघतो, विक्री होते, आकडे तपासता येतात. लिथियमच्या भावासोबत यांचे शेअर वर-खाली होतात, पण भावापेक्षा जास्त जोराने. समजा खर्च टनाला 8 हजार डॉलर आणि भाव 10 हजार आहे. भाव 12 हजार झाला तर भावात वीस टक्के वाढ होते, पण नफा दुप्पट होतो. भाव 8 हजारांवर आला तर नफा शून्य. शेअर का उसळतात आणि का आपटतात त्याचं मूळ इथे आहे.

दुसरा मार्ग अनेक धंदे असलेल्या खाण कंपन्या. रिओ टिंटोने मार्च 2025 मध्ये आर्केडियम लिथियम ही कंपनी 6.7 अब्ज डॉलरना ताब्यात घेतली. अशा कंपनीत लोखंड आणि तांब्याचा नफा मंदीत लिथियमला सांभाळतो. उलट लिथियमच्या तेजीचा लाभही तितकाच पातळ होतो.

तिसरा ईटीएफ, म्हणजे बाजारात शेअरसारखा विकत घेता येणारा फंड. इथे नावावर जाऊ नका, आत काय आहे ते पाहा. ग्लोबल एक्सचा लिथियम अँड बॅटरी टेक हा 2010 पासूनचा फंड आहे. त्यात खाण कंपन्यांसोबत बॅटरी आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्याही आहेत. लिथियम महाग झालं की खाणीला फायदा आणि बॅटरीवाल्याला तोटा, म्हणजे एकाच टोपलीत परस्परविरोधी हितसंबंध. ज्याला संपूर्ण विद्युतीकरणावर पैसे लावायचे आहेत त्याच्यासाठी हे ठीक आहे. ज्याला फक्त खाणी हव्यात त्याच्यासाठी स्प्रॉट लिथियम मायनर्ससारखे वेगळे फंड आहेत, आणि ते अर्थातच जास्त हेलकावे खातात. बाहेरच्या देशातल्या बाजारात खरेदी करताना चलनाचा फरक आणि तिथला-इथला कर हे दोन्ही हिशेबात धरा.

चौथा मार्ग रॉयल्टीचा. लिथियम रॉयल्टी कॉर्पसारखी कंपनी स्वतः खाण चालवत नाही. खाणीला आधी पैसे देते आणि पुढे तिच्या विक्रीतला ठरलेला टक्का घेते. खर्च वाढल्याचा फटका तिला थेट बसत नाही. पण खाण सुरूच झाली नाही, तर टक्का कशाचा?

पाचवा मार्ग शोधक कंपन्यांचा. त्यावर स्वतंत्र उत्तर द्यायला हवं.

छोट्या शोधक कंपन्यांचे शेअर स्वस्त दिसतात. घ्यावेत का?

शेअरची किंमत काही सेंट आहे म्हणून कंपनी स्वस्त होत नाही. एकूण शेअर किती आणि येत्या वर्षांत आणखी किती काढावे लागतील, ते विचारा. या कंपन्यांना उत्पन्न नसतं. ड्रिलिंग, चाचण्या, पगार, सगळं नवे शेअर विकून चालतं. प्रत्येक वेळी जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. साठा दुप्पट सापडला आणि शेअरची संख्या तिप्पट झाली, तर तुम्ही मागेच गेलात.

मग साठ्याच्या आकड्याचा अर्थ. जमिनीखाली असण्याचा अंदाज, त्याला रिसोर्स म्हणतात. फायद्यात काढता येईल असं अभ्यासातून सिद्ध झालेलं, ते रिझर्व्ह. या दोन शब्दांमधलं अंतर किती असू शकतं हे बोलिव्हियाकडे पाहिलं की कळतं. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या यादीत बोलिव्हियाचा रिसोर्स जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे, सुमारे 2 कोटी 30 लाख टन. पण उयुनीच्या खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम जास्त, पाऊस जास्त म्हणून आटवणं हळू, आणि वर राजकीय अस्थिरता. त्यामुळे प्रत्यक्ष उत्पादन नगण्य. शोधक कंपन्यांच्या पत्रकात मोठ्या अक्षरांत असतो तो बहुधा रिसोर्सचा आकडा, आणि त्यातलाही सर्वांत कमी खात्रीचा, "अनुमानित" प्रतीचा.

ऑस्ट्रेलियात जॉर्क संहिता आणि कॅनडात एनआय 43-101 हे नियम साठा जाहीर करण्यासाठी आहेत. दुसरा नियम 2001 मध्ये आला, ब्रे-एक्सच्या सोन्याच्या घोटाळ्यानंतर, ज्यात इंडोनेशियातल्या नमुन्यांत सोनं बाहेरून मिसळलेलं निघालं. तेव्हा या संहितेनुसारचा अहवाल नसेल तर पुढे वाचूच नका. असेल तर तीन गोष्टी बघा: व्यवहार्यता अभ्यासात भाव किती धरलाय, बांधकामाचा खर्च कंपनीच्या एकूण बाजारमूल्याच्या किती पट आहे, आणि शिल्लक रोकड किती तिमाही पुरेल. 2022 मध्ये तयार झालेल्या अनेक अभ्यासांत धरलेले भाव पुढे टिकले नाहीत.

खाण सुरू झाली म्हणजे धोका संपला असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोअर लिथियमने फिनिसची खाण सुरू केली आणि जानेवारी 2024 मध्ये भाव पडल्यामुळे खोदकाम थांबवलं. माझं उत्तर म्हणून असं: घ्यायचेच असतील तर बुडाले तरी चालतील इतक्याच पैशांचे, आणि एका नाही तर चार-पाच कंपन्यांचे.

सोडियम बॅटरी आली की लिथियम संपलं ना?

हा धोका खरा आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नये. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने 2021 मध्ये आपली पहिली सोडियम-आयन बॅटरी दाखवली आणि एप्रिल 2025 मध्ये नॅक्स्ट्रा या नावाने पुढची पिढी जाहीर केली. सोडियम मुबलक आहे, थंडीत चांगलं चालतं, आणि तांब्याच्या पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम वापरता येतं. पण त्याच वजनात ऊर्जा कमी मावते. त्यामुळे लहान गाड्या, दुचाकी आणि वीज साठवण्याची स्थिर केंद्रं ही त्याची नैसर्गिक जागा, लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत.

गुंतवणूकदाराने हे असं वाचावं: सोडियममुळे लिथियमच्या भावाला वरून एक छत येतं. लिथियम स्वस्त असताना सोडियमचा किमतीतला फायदा जवळजवळ उरत नाही आणि नव्या कारखान्यांचा उत्साह मावळतो. लिथियम फार महागलं की तो फायदा परत दिसू लागतो. म्हणून 2022 सारखा भाव पुन्हा येऊन अनेक वर्षं टिकेल, या अपेक्षेवर कुठलीही कंपनी मोजू नका.

एलएफपी आणि एनएमसीमुळे काही फरक पडतो का?

हे बॅटरीचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींत लिथियम असतंच. एलएफपीमध्ये लोह आणि फॉस्फेट, एनएमसीमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट. एलएफपीसाठी मुख्यतः कार्बोनेट लागतं, जास्त निकेलच्या बॅटरीला हायड्रॉक्साइड. 2024 पर्यंत इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत एलएफपीचा वाटा जवळपास निम्मा झाला, त्यामुळे फक्त हायड्रॉक्साइडचे कारखाने उभारून बसलेल्या कंपन्या अडचणीत आल्या. सॉलिड-स्टेट, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली, बॅटरी आली तरी लिथियम जात नाही. लिथियम धातूचा ऋणाग्र वापरणाऱ्या रचनेत ते जास्तच लागू शकतं.

खाऱ्या पाण्यातून थेट लिथियम काढण्याचं तंत्र सगळं बदलून टाकेल का?

याला डीएलई म्हणतात. तलावात आटवण्याऐवजी पाणी अशा पदार्थातून नेतात की तो लिथियम धरून ठेवतो, आणि बाकीचं पाणी परत जमिनीखाली सोडता येतं. दीड वर्षाचं काम तासांवर येतं. हे अगदी नवं नाही: ओम्ब्रे मुएर्तो क्षारपटावर 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून याचा एक प्रकार तलावांच्या जोडीने वापरात आहे. तेल कंपनी एक्सॉनने 2023 मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात या मार्गाने उतरण्याची घोषणा केली.

अडचण अशी, की प्रत्येक क्षारपटाचं पाणी वेगळं. एका ठिकाणी जमलेलं दुसरीकडे जमेलच असं नाही. प्रयोगशाळेतला उतारा आणि वर्षभर सलग चालणारा कारखाना यांतलं अंतर कंपन्या कमी करून सांगतात. यशस्वी झालं तर पुरवठा वाढेल, म्हणजे भावावर दाबच येईल. डीएलईवाल्या एका कंपनीचा फायदा हा सगळ्या लिथियम कंपन्यांचा फायदा नसतो.

जुन्या बॅटऱ्यांमधून लिथियम मिळालं तर खाणी कशाला?

पुढे मिळेल, पण आज विकलेली गाडी मोडीत निघायला दहा-पंधरा वर्षं जातात. तोपर्यंत पुनर्वापराला कारखान्यातल्या उत्पादनाच्या टाकाऊ मालावरच बहुतांश भिस्त ठेवावी लागते. लिथियम स्वस्त झालं की हा धंदाही अडचणीत येतो. कॅनडाच्या ली-सायकलने मे 2025 मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं.

सरकारी धोरणाचा किती धोका?

खूप. एप्रिल 2023 मध्ये चिलीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल बोरिक यांनी लिथियममध्ये सरकारी वाटा बहुमताचा असेल असं धोरण जाहीर केलं आणि एसक्यूएमचा शेअर एका दिवसात सुमारे 18 टक्के पडला. पुढे 2024 मध्ये एसक्यूएमने सरकारी कोडेल्कोशी भागीदारीचा करार केला. 2060 पर्यंत अटाकामात काम करता येईल, पण निम्म्याहून एक शेअर जास्त कोडेल्कोकडे. मेक्सिकोने 2022 मध्ये लिथियमचं राष्ट्रीयीकरण केलं. झिम्बाब्वेने त्याच वर्षाच्या अखेरीस कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली.

धोरण भाव वर नेऊ शकतं, हेही लक्षात असू द्या. ऑगस्ट 2025 मध्ये सीएटीएलच्या जिआनशियावो खाणीचा परवाना संपला आणि काम थांबलं. केवळ एका खाणीच्या बातमीने ग्वांगझौचे वायदे कमाल मर्यादेपर्यंत चढले आणि ऑस्ट्रेलियातल्या लिथियम कंपन्यांचे शेअर एका दिवसात उसळले.

पाणी, स्थानिक लोकांचा विरोध, यांचा विचार गुंतवणूकदाराने करावा का?

करावा, आणि केवळ पैशासाठी नाही. अटाकामा हा जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक आहे. तिथे राहणाऱ्या मूळ समाजांचं पाणी, फ्लेमिंगोंची सरोवरं यांवर पाणी उपसण्याचा परिणाम होतो का, याची काळजी रास्त आहे. आपण ज्या खाणीत हिस्सेदार होतो, तिच्या शेजारी कुणीतरी राहत असतं. त्यांचं म्हणणं कंपनीच्या अहवालात किती जागा घेतं, ते मी नेहमी वाचतो.

आणि पैशाच्या दृष्टीनेही हा विषय दुय्यम नाही. सर्बियातल्या यादारच्या लिथियम प्रकल्पाचे परवाने रिओ टिंटोला जानेवारी 2022 मध्ये, देशभर रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे गमवावे लागले. 2024 मध्ये सरकारने ते परत दिले, तर आंदोलन पुन्हा पेटलं. साठा उत्तम, कंपनी बलाढ्य, तरीही खाण उभी राहिली नाही.

मोठी कंपनी छोटीला विकत घेईल या आशेवर शेअर घ्यावेत का?

तेवढ्या एका आशेवर नाही. 2023 मध्ये अल्बेमार्लने ऑस्ट्रेलियाच्या लायनटाउनसाठी 6.6 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची, शेअरला 3 डॉलरची तयारी दाखवली. ऑस्ट्रेलियन उद्योगपती जीना राइनहार्ट यांच्या हॅनकॉक कंपनीने मधेच 19.9 टक्के हिस्सा गोळा केला आणि अल्बेमार्लने ऑक्टोबरमध्ये माघार घेतली. त्यातच लिथियमचा भाव कोसळत होता. काही महिन्यांत तो शेअर निम्म्याच्याही खाली गेला होता. 3 डॉलरच्या आशेने वरच्या भावात शिरलेल्यांना बाहेर पडायला वाट राहिली नाही. याउलट रिओने आर्केडियमला बाजारभावापेक्षा सुमारे 90 टक्के जास्त दर दिला, कारण तेव्हा सगळं क्षेत्र तळाशी होतं.

मग घ्यायची वेळ कोणती?

नेमका तळ कुणालाही सापडत नाही. पण तळाच्या आसपासचा काळ ओळखता येतो. खाणी बंद होऊ लागतात: 2024 मध्ये पिलबाराने एनगुंगाजू प्रकल्प थांबवला, म्हणजेच ऑल्टुराकडून घेतलेला तोच जुना प्रकल्प, मिनरल रिसोर्सेसने बाल्ड हिल बंद केली, अल्बेमार्लने केमर्टनच्या कारखान्याचा विस्तार गुंडाळला. नवे प्रकल्प पुढे ढकलले जातात, लाभांश कापले जातात, विश्लेषक लिथियमवर बोलायचं सोडतात. त्यानंतरही भाव एक-दोन वर्षं पडून राहू शकतो. म्हणून एकदम पैसे न घालता ठरावीक अंतराने थोडे थोडे घालावेत, आणि कमी खर्चाच्या, कमी कर्जाच्या कंपनीपासून सुरुवात करावी, कारण तिच्याकडे वाट पाहण्याची ताकद असते.

एकूण गुंतवणुकीत लिथियमचा वाटा किती असावा?

एकाच धातूवर उभं असलेलं क्षेत्र आहे आणि दहापट घसरणीचा इतिहास समोर आहे. ज्या रकमेतले तीन-चतुर्थांश पैसे दिसेनासे झाले तरी घराचे आणि निवृत्तीचे बेत बदलणार नाहीत, तेवढीच. कर्ज काढून तर कधीच नाही.

आणि विकायचं कधी?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, म्हणून 2022 मधला नफा फार थोड्यांच्या हाती राहिला. खरेदी करतानाच लिहून ठेवा की कोणत्या खुणा दिसल्यावर हिस्सा कमी करायला लागायचं. माझ्या खुणा अशा: खाणकामाशी संबंध नसलेल्या कंपन्या नावात लिथियम घालू लागतात, व्यवहार्यता अभ्यासांत चालू भावच कायमचा धरला जातो, गाड्या बनवणाऱ्या कंपन्या खाणींना आगाऊ पैसे देऊ लागतात, आणि बंद ठेवलेल्या खाणी परत सुरू होण्याच्या घोषणा एकामागून एक येतात. यातली शेवटची खूण सगळ्यात भरवशाची, कारण तो माल वर्षभरात बाजारात येतोच.

नियमित काय पाहावं?

गाड्यांची मासिक विक्री, विशेषतः चीनमधली, कारण जगातल्या निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक गाड्या तिथेच विकल्या जातात. वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटरी केंद्रांची मागणी, जी आता गाड्यांच्या जोडीने भाव हलवू लागली आहे. ग्वांगझौचा वायदा भाव आणि चीनमधल्या कार्बोनेटच्या साठ्याचा कल. ऑस्ट्रेलियन कंपन्यांचे तिमाही अहवाल जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत येतात. त्यात पहिल्या पानावरचं मनोगत सोडून थेट तीन ओळींकडे जा: टनामागचा उत्पादन खर्च, प्रत्यक्ष मिळालेला भाव, आणि तिमाहीच्या शेवटी हातात उरलेली रोकड.